मदत हवी आहे: जुन्या लोखंडी फ्रेमवर पुढे छोटं चाक बसवायचंय

मंडळी, रॉड ब्रेकवाल्या जुन्या सायकलची फ्रेम हाती आली आहे. गंज वरवरचाच आहे, जोड शाबूत आहेत. तिची मालवाहू सायकल करायचीय: मागे मूळचं 28 इंची चाक (रिम 635 मिमी), पुढे 20 इंची (406 मिमी) आणि त्यावर फ्रेमलाच जोडलेली मोठी टोपली. दिसायला विचित्र होणार, पण तीच तर गंमत!

अडलंय ते पुढच्या चिमट्यात (चाक धरणाऱ्या फोर्कमध्ये). 20 इंची चाकाचाच चिमटा लावला तर फ्रेमचं तोंड 20-22 सेंमी खाली जाईल, स्टिअरिंग ट्यूब उभी होईल आणि वळणावर पायडल जमिनीला घासेल. लांब चिमटा करून घेतला तर फ्रेमचा कोन टिकेल. पण चाकच लहान, त्यामुळे ट्रेल (स्टिअरिंगची रेषा जमिनीला जिथे मिळते तिथपासून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर) कमी होऊन हँडल चंचल होणार. मग चिमट्याचा पुढचा बाक कमी ठेवायचा का? किती? भरल्या टोपलीसह अशी सायकल कुणी चालवली आहे का?

दुसरं, मागे तीन गिअरचा, पायडल उलटं दाबून ब्रेक लागणारा हब (चाकाचा मधला भाग) टाकतोय. फ्रेमच्या मागच्या दोन टोकांमध्ये जागा 110 मिमी, हब 118 चा. स्टील आहे, वाकेल. पण दोन्ही बाजू सारख्या फाकल्या हे दोरा लावून तपासणं पुरेसं आहे का?

कॉटर पिनवाला क्रँक (पायडलचा दांडा पाचरीसारख्या पिनेने अडकवलेला) ठेवतोय, त्यावर वाद नको. फक्त अडकलेली पिन हातोडा न मारता काढायची युक्ती असेल तर जरूर सांगा.