ट्रॅव्हल ट्रेलरचे टायर बदलायचे आहेत, मदत हवी आहे (डॅलस ते मोआब)

पायवाट

नमस्कार मंडळी,

मुक्काम डॅलसजवळ. गेल्या हिवाळ्यात एक वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. (भारतातल्या वाचकांसाठी: पिकअपच्या मागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर, सगळं.) दोन ॲक्सल, चार चाकं. ओढायला फोर्डचा एफ-१५० पिकअप. जूनमध्ये आईबाबा पुण्याहून येताहेत, त्यांना घेऊन युटामध्ये मोआबपर्यंत जायचा बेत आहे. हायवे २८७ ने ॲमरिलो, आय-४० हायवेने आल्बुकर्की, तिथून हायवे ५५० धरून वर कॉर्टेझ आणि मग मोआब.

टायरची नक्षी जवळजवळ नव्यासारखी आहे, पण बाजूला बारीक भेगा दिसतात. तारखेचा आकडा २३१९, म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ज्यांच्याकडून ट्रेलर घेतला ते म्हणाले, "फारसा धावलेलाच नाही, अजून दोन वर्षं सहज काढतील." शेजारी म्हणतो, आजच बदल. दोघंही अगदी ठामपणे सांगतात, म्हणून इथे आलो.

टायरवर लिहिलंय: एसटी २०५/७५ आर १४, लोड रेंज (भार पेलण्याची श्रेणी) सी, कमाल १७६० पौंड, हवेचा दाब ५० पीएसआय. ट्रेलरच्या पुढच्या डाव्या बाजूच्या स्टिकरवर एकूण कमाल वजन ७००० पौंड आणि प्रत्येक ॲक्सल ३५०० पौंड. नेटवर वाचायला बसलो तर निम्मे लोक एका ब्रँडला डोक्यावर घेतात आणि उरलेले त्यालाच शिव्या घालतात. लोड रेंज डी घ्यावेत का? काही जण म्हणतात ट्रेलरचे टायर मुळातच कुचकामी, सरळ एलटी, म्हणजे ट्रकचे टायर लावा. खरं काय? आणि चारही एकदम बदलायचे की आत्ता दोन, दिवाळीनंतर दोन? बजेट आहे, पण उगाच पैसे घालवायचे नाहीत.

जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

टेकडीवरची

कोलोरॅडोतून नमस्कार. आमचा ट्रेलर तुमच्यापेक्षा थोडा मोठा, पण गोष्ट तीच.

भेगा आहेत, सहा वर्षं उलटली आहेत, जूनमध्ये वेस्ट टेक्सास ओलांडायचंय. यात विचार करण्यासारखं काही नाही, बदला. चारही एकदम. ट्रेलरचे टायर झिजून जात नाहीत, उभे राहून राहून म्हातारे होतात. ऊन, ओझोन आणि महिनोन्‌महिने एकाच जागी वजन पेलत उभं राहणं. आम्ही पाच वर्षांपुढे ठेवत नाही, मग नक्षी कितीही छान दिसो.

वायोमिंगमध्ये आमचा एक टायर असाच गेला. ब्रँडचं नाव घेत नाही, ट्रेलरसोबत आलेलाच होता. गाडीच्या टायरची हवा जाते तशी "फुस्स" झाली असती तर ठीक होतं. पण वरचा पट्टा सुटून चाबकासारखा फिरतो. त्याने चाकावरचं पत्र्याचं आवरण फाडलं, वर स्वयंपाकाच्या ओट्याखालची फळी उचकटली आणि ब्रेकची वायर तोडली. टायरचे पैसे सगळ्यात कमी होते. त्यामुळे "उगाच पैसे" हा शब्द इथे जरा जपून वापरा.

पण ब्रँड विचारण्याआधी एक काम करा: वजन. ट्रेलर प्रवासाला भरतात तसा भरा, पाण्याची टाकी, सिलिंडर, आईची भांडीकुंडी, सगळं, आणि हमरस्त्यावरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाच्या वजनकाट्यावर न्या. पिकअपची पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलर, तिन्हींची वजनं वेगवेगळी मिळतात. स्टिकरवरचा आकडा म्हणजे काय झेपतं. तुम्ही काय लादलंय ते काटाच सांगेल.

सांगलीकर_बाळू

आमच्याकडे उसाच्या ट्रॉलीला जे टायर असतात ते बघितलेत तर तुम्ही लोक रस्त्यावर गाडी काढणार नाही. गोटा झालेला टायर, वर दहा टन ऊस आणि मागे "बघतोस काय, रागानं" लिहिलेलं.

थट्टा बाजूला. एक शंका: कारचेच चांगले जाडजूड टायर का नाही लावत? माप जुळत असेल तर?

नटबोल्ट

बाळू, माप जुळलं तरी काम वेगळं आहे. मी वाळूजला टायरच्या कारखान्यात होतो, आता मिशिगनमध्ये. जमेल तेवढं सांगतो.

कारचा टायर ट्रेलरला लावायचा तर त्याची लिहिलेली भारक्षमता १.१० ने भागून धरायची असते. म्हणजे १७६० लिहिलंय तर १६०० धरा. शिवाय त्याची बाजू मऊ असते. कारमध्ये ते सुखाचं, ट्रेलर मात्र डोलायला लागतो. एसटी (आपली लाल एसटी नव्हे, 'स्पेशल ट्रेलर') टायरची बाजू मुद्दाम कडक ठेवलेली असते.

आता ट्रेलरचे टायर का फुटतात ते समजून घ्या, म्हणजे बाकी प्रश्न आपोआप सुटतील. दोन ॲक्सल जवळजवळ असले की वळताना चारही चाकं एका बिंदूभोवती फिरू शकत नाहीत. काही चाकं फरफटतात. कॅम्पग्राउंडमध्ये ट्रेलर मागे घेताना खाली वाकून बघा, टायर कडेला अक्षरशः वाकलेला दिसेल. या ओढाताणीत टायरच्या आतले स्टीलचे दोन पट्टे एकमेकांवर घासले जातात. कारच्या टायरला हा ताण एवढा कधी येत नाही. त्यात हवा कमी असेल किंवा वजन काठोकाठ असेल तर बाजू जास्त दबते, उष्णता वाढते, रबराची पकड सुटायला लागते. बाहेरून काही दिसत नाही. मग एके दिवशी ताशी ७५ मैलांच्या वेगाने जाताना पट्टा सुटतो आणि आपण म्हणतो "अचानक फुटला".

म्हणून उपाय तीन: भारक्षमतेत भरपूर उरवणं, हवा पूर्ण ठेवणं, वेग आवरणं. ब्रँड चौथ्या क्रमांकावर. नेटवरची भांडणं चौथ्या क्रमांकावरून चालतात, कारण पहिले तीन कंटाळवाणे आहेत.

वेगाचं वेगळं सांगायला हवं. एसटी टायरवर वेगाचं अक्षर छापलेलं नसेल तर ती भारक्षमता ताशी ६५ मैल धरून दिलेली असते. हल्ली अक्षरं असतात: एल म्हणजे ७५, एम म्हणजे ८१, एन म्हणजे ८७ मैल. तुमच्या रस्त्यावर ७५ च्या पाट्या आहेत. पाटी आहे म्हणून तेवढ्या वेगाने ओढायचं नसतं. ६० ते ६५ मध्ये जा, उजवी लेन धरा, ट्रकवाले पुढे जाऊ देत. बाबांना बाहेर बघायलाही मिळेल.

एलटी चांगले असतात. पण ते १६ इंची रिमवाल्या मोठ्या ट्रेलरना जास्त जमतात. १४ इंचात तुमच्या कामाचा एलटी शोधत बसण्यात अर्थ नाही.

जुनाजाणता

जरा वेगळं मत. मी वर्षानुवर्षं स्वस्तातले टायर लावतो आणि चार वर्षांनी काढून टाकतो, एकदाही फुटला नाही. हवा रोज सकाळी बघतो आणि ६० च्या वर जात नाही. महागडे घेऊन सात वर्षं वापरणाऱ्यांपेक्षा माझं गणित बरं आहे. ब्रँडच्या नावाने निर्धास्त होऊ नका एवढंच.

टेकडीवरची

जुनाजाणता, मान्य. पण सगळे तुमच्यासारखे रोज सकाळी गेज घेऊन खाली बसत नाहीत ना.

पायवाट

सर्वांचे आभार. शनिवारी काट्यावर जाऊन आलो. ट्रेलरच्या दोन्ही ॲक्सलवर मिळून ६१८० पौंड, ट्रकशी जोडलेल्या अवस्थेत. हे चांगलं की वाईट? आणि डी घेतला तर ट्रेलरची क्षमता वाढेल का? बायकोला एक जास्तीची सायकल रॅक हवी आहे.

नटबोल्ट

उलट्या क्रमाने. क्षमता वाढणार नाही. ॲक्सल ३५०० चा, तो ३५०० चाच राहणार. टायर मोठा लावून वजन वाढवायचं नाही, तेवढ्याच वजनाला टायर कमी दमवायचा. सायकलचा प्रश्न घरात सोडवा.

६१८० भागिले चार म्हणजे १५४५ पौंड प्रत्येकी. आत्ताचा टायर १७६० चा, म्हणजे शिल्लक सुमारे १२ टक्के. ऐकायला बरं वाटतं, पण चारही चाकांवर वजन सारखं कधीच नसतं. ज्या बाजूला ओटा, फ्रिज किंवा बाहेर सरकणारी खोली आहे तिकडे शे-दोनशे पौंड जास्त असू शकतात. मग त्या कोपऱ्यातल्या टायरकडे काहीच उरत नाही. याच मापात लोड रेंज डी घेतला तर ६५ पीएसआयला २०४० पौंड मिळतात. शिल्लक २४ टक्क्यांच्या वर. बाहेरचं माप तेच राहतं, त्यामुळे चाकाच्या खोबणीत घासण्याची भीती नाही. तुमच्यासाठी डीच. २१५/७५ आर १४ सुद्धा मिळतो, पण तो रुंद आणि उंच. दोन टायरमधली आणि वरची जागा मोजल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

मात्र एक अट. डी टायर ५० पीएसआयवर चालवलात तर तो सी एवढाच भार पेलतो. जास्तीची क्षमता जास्तीच्या हवेतून येते. आणि ती हवा रिमला झेपते का हे आधी बघा. रिमच्या मागच्या बाजूला कमाल भार, कधी कधी कमाल हवाही कोरलेली असते. जुन्या रिमवर ५० लिहिलेलं निघालं तर रिमही बदलावे लागतील.

व्हॉल्व्हसुद्धा. नेहमीचा रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचाच असतो, म्हणजे तुम्ही अगदी काठावर. धातूचे बोल्ट-इन व्हॉल्व्ह लावून घ्या. पुढेमागे हवा सांगणारे सेन्सर लावलेत तर त्यांच्या वजनाने रबरी व्हॉल्व्ह हलत राहतो, तेही टळेल.

पायवाट

रिम आत्ताच बघितले, हवेचा आकडा नाही, भार १८७० लिहिला आहे. चालेल?

नटबोल्ट

भाराच्या हिशेबाने चालेल, तुम्ही १५४५ वर आहात. टायर २०४० चा असला तरी त्या चाकाची मर्यादा १८७० धरायची. हवेचा आकडा कोरलेला नाही, तर रिम बनवणाऱ्याला मॉडेल नंबर देऊन ६५ चालेल का ते विचारा. दुकानदाराच्या "हो हो, चालतं" वर जाऊ नका.

टेकडीवरची

आता ब्रँड, कारण तुम्ही विचारल्याशिवाय राहणार नाही. आमच्याकडे गुडइयर एन्ड्युरन्स आहेत. २०१७ मध्ये आले, अमेरिकेत बनतात, एन अक्षराचे, आणि तुमच्या मापात डी मध्येच मिळतात. कार्लाइल रेडियल ट्रेल एचडी आणि मॅक्सिस एम८००८ वापरणारे मित्र समाधानी आहेत. या तिघांपैकी जो ताज्या तारखेचा मिळेल तो घ्या. खरंच, तारीख महत्त्वाची. ऑनलाइन मागवलेत तर गोदामात वर्षभर पडलेला माल येऊ शकतो. दुकानात बसवण्याआधी चारही टायरचे आकडे वाचा. पूर्ण कोड बऱ्याचदा एकाच बाजूला असतो, ती बाजू बाहेर ठेवायला सांगा. पुढच्या वेळी ट्रेलरखाली आडवं होऊन टॉर्च मारावा लागणार नाही.

दुकानात अजून दोन गोष्टी. बॅलन्सिंग करून घ्या, "ट्रेलरला लागत नाही" असं म्हणणारे भेटतील. आणि जॅक चॅसीच्या फ्रेमला लावतात ना ते उभं राहून बघा. ॲक्सलच्या नळीला लावला तर ती वाकू शकते, मग नवे टायर एका कडेने झिजायला लागतात आणि कारण कोणालाच कळत नाही.

चाकाचे नट टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळायचे, आकडा ट्रेलरच्या पुस्तकात असतो. पन्नास मैल गेल्यावर थांबून पुन्हा तपासायचे. हे दुसऱ्यांदा तपासणं कोणी टाळू नये.

शुभांगी_ऑस्टिन

प्रवासात हवा कधी बघायची? आमचे हे दुपारी पेट्रोल पंपावर बघतात आणि जास्त दिसली म्हणून सोडून देतात.

नटबोल्ट

अरे देवा. त्यांना थांबवा! हवा सकाळी, चाक फिरण्याआधी, उन्हात तापण्याआधी. टायरवरचा आकडा थंड टायरचा असतो. चालवल्यावर तो वाढणारच, ते धरूनच टायर बनवतात. तापलेल्या टायरमधली हवा सोडली तर दुसऱ्या दिवशी थंड टायर कमी हवेवर धावतो, आणि त्यातूनच पट्टे सुटतात. दर दहा अंश फॅरनहाइटला साधारण दोन टक्के फरक पडतो. डॅलसला भरलेली हवा मोआबच्या गार पहाटे कमी दिसली तर घाबरू नका, तिथे सकाळी पुन्हा भरा.

दुपारी थांबाल तेव्हा गेजऐवजी हात वापरा. चारही टायरना हात लावून बघा. तीन कोमट आणि एक चटका देणारा असेल तर तिथे काहीतरी बिघडलंय: हवा, बेअरिंग किंवा ब्रेक.

पायवाट

एन्ड्युरन्स डी चार, धातूचे व्हॉल्व्ह, गुरुवारची वेळ घेतली. रिम बनवणाऱ्यांचं उत्तर आलं, ६५ चालेल. शेवटचा प्रश्न: स्टेपनी पण २०१९ चीच आहे, मागे कव्हरमध्ये, भेगा नाहीत. ती राहू दे का?

टेकडीवरची

कव्हरमध्ये असली तरी वय तेच. पाचवा टायर घ्या. अगदीच नसेल घ्यायचा तर आत्ताच्या चारांतला सगळ्यात बरा ठेवू नका, स्टेपनीच ठेवा, उन्हापासून वाचलेली आहे. पण ती सी आहे, ५० ची हवा, त्यामुळे लागलीच तर ५० च्या वेगाने पुढच्या गावातल्या टायरच्या दुकानापर्यंत, त्यापुढे नाही. आणि ५५० वर ती गावं लांब लांब आहेत.

पायवाट

पाच घेतो.