मदत हवी: आय बाँडचा जाहीर दर 3.98, मग मुलीच्या बाँडला 1.90 का?

आंबेवाला_रत्नागिरी: मुलगी न्यू जर्सीत असते. ऑगस्ट 2022 मध्ये तिने ट्रेझरी डायरेक्ट या अमेरिकी सरकारी संकेतस्थळावर 10,000 डॉलरचे आय बाँड (अमेरिकी सरकारचे महागाईशी जोडलेले बचत रोखे) घेतले, तेव्हा दर 9.62 टक्के होता. मे 2025 चा दर 3.98 जाहीर झाला, पण तिच्या बाँडला फेब्रुवारी 2025 पासून 1.90च चालू होता. वर खात्यात दिसणारी रक्कमही हिशेबापेक्षा कमी. मोडून नवे घ्यावेत का? आणि वाशीहून आंब्याच्या पट्ट्या (विक्रीचे हिशेब आणि पैसे) आल्यात, महागाईशी बांधलेलं असं काही इथल्या बँकेत मिळतं का?

खाडीपल्याड: काका, ट्रेझरीची चूक शोधू नका, दर बरोबर आहे. आय बाँडच्या दराचे दोन तुकडे असतात. स्थिर दर खरेदीच्या दिवशी ठरतो आणि 30 वर्षं तोच राहतो. महागाईचा तुकडा दर मे आणि नोव्हेंबरला बदलतो. एकूण दर म्हणजे स्थिर दर, अधिक सहामाही महागाईची दुप्पट, अधिक दोघांचा गुणाकार. मे 2025 चा हिशेब: 1.10 + (2 × 1.43) + किरकोळ 0.016, म्हणजे 3.98. हा मे ते ऑक्टोबर 2025 मध्ये नवे घेणाऱ्यांचा दर. ऑगस्ट 2022 च्या बाँडचा स्थिर दर शून्य, त्यामुळे मुलीला फक्त 2.86.

तेही लगेच नाही. नवा दर जाहीर झाल्याच्या दिवशी लागत नाही, खरेदीच्या महिन्यापासून सहा-सहा महिन्यांनी लागतो. ऑगस्टचा बाँड म्हणजे फेब्रुवारी आणि ऑगस्ट. फेब्रुवारी 2025 पासून तिला नोव्हेंबर 2024 चा सहामाही महागाई दर 0.95 लागू होता, दुप्पट 1.90. ऑगस्ट 2025 पासून 2.86. महागाई उणे झाली तरी एकूण दर शून्याखाली जात नाही, एवढी हमी आहे.

तिठ्यावरचा: रक्कम कमी दिसते त्याचं कारण वेगळं. पाच वर्षांआत मोडलं तर शेवटच्या तीन महिन्यांचं व्याज जातं, आणि ट्रेझरी डायरेक्ट ते आधीच वजा करून दाखवतं. ऑगस्ट 2027 नंतर ही कपात नाही.

मोडायचंच असेल तर 1.90 चालू होता ती वेळ वाईट नव्हती. 2025 च्या मध्याला बाँड 11,400 डॉलरच्या आसपास पोचला होता, 1.90 ने तीन महिन्यांचं व्याज जेमतेम 54 डॉलर. चढ्या दराच्या काळात मोडणारे हेच जास्त गमावतात. दिवस मात्र महिन्याची 1 तारीख धरा: व्याज महिना पुरा झाल्यावर पडतं, 30 ला मोडलं तर तो अख्खा महिना बुडतो. खरेदीचं उलट, 28 ला घेतलं तरी 1 तारखेपासूनचं व्याज मिळतं.

पण सगळे पैसे नव्यात जाणार नाहीत. माणशी वर्षाला 10,000 डॉलरचीच मर्यादा आहे. मोडल्यावर साठलेल्या व्याजावर फेडरल कर लागेल (राज्याचा नाही), आणि नवा बाँड पहिले 12 महिने हलवता येत नाही. तिला नव्या बाँडच्या स्थिर दराचा फायदा कर भरून परवडतो का, ते आधी बघा.

खाडीपल्याड: आंब्याच्या पैशांचं: महागाईशी थेट बांधलेले बचत रोखे आपल्याकडे 2013-14 मध्ये आले होते, 1.5 टक्के अधिक ग्राहक किंमत निर्देशांक, मुदत 10 वर्षं. आता विक्रीला नाहीत. बँकेत मिळतात ते आरबीआयचे फ्लोटिंग रेट बाँड: एनएससीचा (राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राचा) दर अधिक 0.35, 2025 मध्ये 8.05 टक्के. दर 1 जानेवारी आणि 1 जुलैला बदलतो तो एनएससीच्या मागे, महागाईच्या नव्हे. व्याज सहामाही हातात पडतं, साठवायची सोय नाही, आणि करपात्र आहे. सात वर्षं पैसे अडकतात, सवलत फक्त साठीपुढच्यांना: 60 ते 70 वयाला सहा वर्षांनी, 70 ते 80 ला पाच, त्यापुढे चार, तीही शेवटच्या सहामाहीचं निम्मं व्याज कापून. पुढच्या हंगामाची खतं-फवारणी ज्या पैशांतून करायची, ते यात टाकू नका. आणि मुलीच्या नावावर घ्यायला जाल तर अर्ज परत येईल, एनआरआयना हे बाँड चालत नाहीत.