कंट्रोल लाइन (दोऱ्यांवर गोल उडवायचं मॉडेल विमान): इंधन निम्मं संपलं की इंजिन लीन होतं (हवेच्या मानाने इंधन कमी पडतं). टाकी बदलू का?

भिंगरी:
पॉइंट ३५चं (०.३५ घनइंची) ग्लो इंजिन, १८ मीटरच्या दोऱ्या, पत्र्याची पाचरीच्या आकाराची टाकी, दोन साधे व्हेंट (हवेच्या नळ्या). सुरुवातीला छान गुरगुरतं, पण निम्म्या इंधनानंतर आवाज चढत जातो आणि शेवटी अक्षरशः किंचाळतं. निडल (इंधन कमी-जास्त करायची सुई) उघडून ठेवली तर पहिले काही लॅप इतके रिच (इंधन जास्त) की लूप मारायची हिंमत होत नाही. शिवाय विमान उलटं केलं की लॅप जलद होतात. दोष टाकीत की इंजिनात?

पत्रेकाम:
इंजिनाला हात लावू नका, ते बिचारं मिळेल ते पितंय. तुमची दुखणी दोन आहेत.

सव्वापाच सेकंदांचा लॅप धरला तर १८ मीटरवर इंधन गुरुत्वाच्या अडीचपटीहून जास्त जोराने बाहेरच्या भिंतीकडे रेटलं जातं. म्हणजे टाकीत इंधनाची पातळी आडवी नसून उभी असते, आणि इंधन संपेल तशी ती बाहेर सरकते. टाकी ५ सेंमी रुंद असेल तर भरलेली आणि रिकामी यांत १३ सेंमी उंचीचा फरक पडल्यासारखं होतं. मग लीन होणारच!

उपाय युनिफ्लो. हवेची नळी आत नेऊन पिकअपच्या (इंजिनाकडे इंधन नेणाऱ्या नळीच्या) तोंडाजवळ सोडा, साधारण १ सेंमी पुढे. अगदी चिकटवलीत तर बुडबुडे थेट पिकअपमध्ये जातील. बाहेरचं टोक वाऱ्याला सामोरं. हवा त्याच जागी आत येत असल्याने इंजिनाला दिसणारी पातळी तीच राहते. भरायची नळी मात्र उडवण्याआधी टोपी घालून बंद, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

दुसरं उंचीचं. उलट्यात जलद म्हणजे उलट्यात लीन, म्हणजे टाकी स्प्रेबारपेक्षा (इंजिनात इंधन सोडणाऱ्या नळीपेक्षा) वर बसली आहे. खाली घ्या, एका वेळी दीडेक मिलिमीटर, आणि स्टॉपवॉच लावा. कानावर भरवसा नको.

तरंग:
एवढं पत्रेकाम कशाला? प्लास्टिकची क्लंक टाकी (आतल्या पिकअप नळीच्या टोकाला क्लंक म्हणजे वजन असलेली) घ्या, तिच्यातही युनिफ्लो जमतं. आत मऊ सिलिकॉन नळी घातली की वजन आपोआप बाहेरच्या भिंतीला जाऊन बसतं.

पत्रेकाम:
जमतं, पण नळी फार लांब ठेवली तर तीव्र वळणात क्लंक पुढे येऊन अडकतं. पातळ नाकाच्या विमानात गोल बाटली बसवणंही कटकटीचंच. मला पत्राच बरा.

भिंगरी:
जुनीच टाकी उघडून नळी बदलू? आणि टाकीला सायलेन्सरचा दाब द्यावा का?

पत्रेकाम:
बदला. पण डाग देण्याआधी (सोल्डरिंगआधी) गरम पाण्याने पुन्हापुन्हा खळखळून धुवा आणि पूर्ण वाळवा. इंधनातल्या मिथेनॉलची ज्वाळा उन्हात दिसतसुद्धा नाही. नंतर बाकीच्या नळ्या बंद करून टाकी पाण्यात बुडवा नि एका नळीतून फुंका. सुईएवढं छिद्र राहिलं तरी युनिफ्लो निकामी. सायलेन्सरचा दाब युनिफ्लोच्याच नळीला देता येतो, पण आधी त्याच्याशिवाय उंची जुळवा. एका वेळी एकच बदल.