स्कॅन कुलपात ठेवून काय लोणचं घालता?

धुऱ्यावरचा मास्तर: काल एका सायबाची पोस्ट वाचली, जीवाश्माचे थ्रीडी स्कॅन, त्याच्यावरचा संशोधनाचा पेपर छापल्यावरही, पाच वर्षं कोणाला देऊ नये म्हणे, मेहनत आमची. रात्रभर डोकं भणभणलं. जबलपूरच्या टायटॅनोसॉरस डायनासोरले 1877 ला नाव दिलं, त्याच्या शेपटीचा मणका हरवला तो कोलकात्यात सापडला थेट 2012 ला! दिल्लीचं नॅचरल हिस्टरी म्युझियम 2016 ला जळालं. दगड जाते राजेहो, फाइल चार जागी असली तर राहते.

पीएचडीतला पोट्टा: मास्तर, स्कॅन काढला का कधी? सीटीचा स्लॉट रात्री दोनचा, मग सहा महिने एकेका स्लाइसवर, म्हणजे आतल्या कापाच्या चित्रावर, माउसनं हाड वेगळं अन दगड वेगळा. दुसऱ्यानं पंधरा दिवसात पेपर काढला तर मी काय हरी हरी करू?

धुऱ्यावरचा मास्तर: पेपरच्या आधी कोण मागून रायलं बे? 2015 ला होमो नलेडी ह्या जुन्या मानवजातीची हाडं शोधणाऱ्यांनी पेपरसोबतच मॉर्फोसोर्स ह्या स्कॅनच्या वेबसाइटवर स्कॅन टाकले. काय वाटोळं झालं त्यांचं?

वावरवाला: तुमचं चालू द्या. चंद्रपूरकडच्या पिसदुऱ्याले आमच्या मामाच्या वावरात गोल दगड निघतात. सायब लोक आले, पोतडीत भरून नेले. पिसदुऱ्याच्या डायनासोरच्या शेणात गवताचे कण सापडले, 2005 ला जगभर गाजलं, अन मामाले कोणं सांगितलं? यूट्यूबनं!

पीएचडीतला पोट्टा: सगळेच गोल दगड कोप्रोलाइट, म्हणजे दगड झालेलं शेण, नसतात दादा.

वावरवाला: मामीले सांग. तीस साल लसूण ठेचला त्यानं.

धुऱ्यावरचा मास्तर: शेणानं??

वावरवाला: तुमच्या घरी सारवत नाई का शेणानं? मोठे आले!

बायोवाल्या मॅडम: शेण पुरे आता. नुसती एसटीएल, म्हणजे थ्रीडी आकाराची फाइल, देऊन उपकार करू नका, त्यात वरचं कातडं दिसते, आतलं काहीच नाही. मूळ स्लाइस अन व्हॉक्सेलचा, म्हणजे स्कॅनमधल्या बारक्या ठोकळ्याचा, आकार द्या, नाही तर पोरं मापं कशाची घेतील? आणि तेही वीस जीबी, आमच्या कॉलेजात लाइन गेली की डाउनलोड पुन्हा पहिल्यापासून, मागच्या महिन्यात तीनदा झालं.

पीएचडीतला पोट्टा: मग सर्व्हरचा खर्च कोण देईन, मास्तर? बरं, पेपर आला की टाकतो सगळं, तुमचा रक्तदाब उतरावा म्हणून. आधी मागितलं तर ब्लॉक.

वावरवाला: अन मामाचे दगड?

पीएचडीतला पोट्टा: मी नाई नेले ना बावा! एखादा उरला असन तर मोबाइलनं चहूकडून साठ-सत्तर फोटो काढू, मॉडेल बनते. तुमच्याच नावानं टाकतो.

वावरवाला: या. पण दगड पोतडीत गेला तर मामी उलथणं घेऊन उभी हाय.