तेच पाच जण, हांगझोऊत रौप्य आणि बुडापेस्टमध्ये सुवर्ण. मग चुकलं कुठे?

प्याद्याचा_बाबा:
नमस्कार मंडळी. मुलगी तेरा वर्षांची आहे आणि गेली चार वर्षं बुद्धिबळ खेळते. मला स्वतःला घोडा अडीच घरं चालतो यापलीकडे फार कळत नाही. ऑफिसात माझ्या शेजारी एक गृहस्थ बसतात, त्यांना सगळ्यातलं सगळं कळतं. परवा डबा खाताना ते म्हणाले, "आपली पोरं आशियात ढेपाळतात. हांगझोऊ बघ. एवढ्या रेटिंगचा संघ, आणि सुवर्ण नेलं इराणनं! वैयक्तिकमध्ये तर एक पदक नाही."

मी घरी येऊन शोधलं. माणूस खोटं बोलत नव्हता. हांगझोऊला झालेल्या 2023 च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत पुरुष संघाला रौप्य, महिला संघाला रौप्य, आणि वैयक्तिक जलद प्रकारात (डाव कमी वेळात संपवायचा) आपली पाटी कोरी. पण मग एक गोष्ट दिसली आणि डोकंच चक्रावलं. हांगझोऊचा पुरुष संघ होता गुकेश, प्रज्ञानंद, अर्जुन एरिगैसी, विदित गुजराथी आणि हरिकृष्ण. जवळजवळ एका वर्षानं बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये, म्हणजे देशोदेशींच्या संघांच्या जागतिक स्पर्धेत, भारतानं सुवर्ण जिंकलं, त्या संघात कोण? हेच पाच जण! एकही नाव बदललेलं नाही.

आशियात दुसरे येणारे जगात पहिले कसे येतात? मला सोमवारी डब्याच्या वेळेपर्यंत उत्तर हवंय.

उंटावरचा_शहाणा:
सोपं आहे. बुद्धिबळ म्हणजे क्रिकेट नाही म्हणून कुणी बघत नाही, कुणी बघत नाही म्हणून कुणी मनावर घेत नाही. संपला विषय.

निवृत्त_पंच_मिरज:
उंटावरच्या शहाण्यांना साष्टांग नमस्कार. मनावर न घेता रौप्य मिळत असेल तर मलाही एक पाठवा.

बाबा, तुमच्या शेजाऱ्यांची गंमत अशी की ते पदकांची यादी वाचतात, फेऱ्यांचा तक्ता वाचत नाहीत. मी बावीस वर्षं जिल्ह्यात पंचगिरी केली, त्यामुळे आधी तक्त्याबद्दलच सांगतो आणि सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो.

एक आंतरशालेय सांघिक स्पर्धा होती. एका शाळेनं दोन लढती 4-0 अशा मारल्या आणि दोन हरली. दुसरीनं तीन लढती जेमतेम अडीच-दीडनं काढल्या आणि एक हरली. मी पटांवरचे गुण मिळवले, पहिल्या शाळेचे जास्त भरले, माइक घेतला आणि तिचं नाव जाहीर करून मोकळा झालो. पोरं नाचायला लागली. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, सामन्याचे गुण धरायचे ना?" माझे कान गरम झाले. ढाल त्या पोरांच्या हातातून काढून घ्यावी लागली, आणि ते काम मलाच करावं लागलं.

नियम असा. सांघिक लढतीत चार पट असतात, म्हणजे एकाच वेळी चार जोड्यांचे चार डाव. लढत जिंकली की 2 गुण, बरोबरीत सुटली की 1. मग तुम्ही 4-0 जिंका नाहीतर 2.5-1.5, मिळणार दोनच. हांगझोऊत शेवटच्या फेरीत आपल्या पुरुषांनी फिलिपिन्सला 3.5-0.5 हरवलं आणि महिलांनी दक्षिण कोरियाला 4-0. वाचायला किती भारी वाटतं! पण त्या धुलाईचे पुरुषांना दोन गुण मिळाले आणि महिलांनाही दोनच. मधल्या फेऱ्यांत एखादी लढत 2-2 सुटली असेल, तर तो गेलेला गुण दुबळ्या संघाला कितीही बडवून परत येत नाही. त्यातून तिथे फेऱ्या फक्त नऊ होत्या. पुढचा संघ पाय घसरून पडावा म्हणून वाट बघायलाही फेऱ्या उरत नाहीत.

आता बुडापेस्ट. तिथे अकरा फेऱ्या होत्या. आपण दहा लढती जिंकल्या आणि एक, उझबेकिस्तानविरुद्धची, 2-2 सोडवली. 22 पैकी 21 गुण. सातव्या फेरीत समोर चीन होता. तीन पट बरोबरीत सुटले आणि पहिल्या पटावर गुकेश एकटा वेई यीपुढे बसून राहिला. मी फोनवर बघत होतो. बायको दोनदा जेवायला बोलावून गेली, तिसऱ्यांदा ताटावर झाकण ठेवून झोपायला गेली. गुकेशनं तो डाव काढला आणि लढत अडीच-दीड झाली. तिथे तो डाव बरोबरीत सुटला असता, तर एक गुण गेलाच होता. रौप्य आणि सुवर्ण यांच्यात कधीकधी एवढंच अंतर असतं, एका पटावरचं एक जादा प्यादं.

आणि इराणचं म्हणाल, तर त्याच ऑलिंपियाडच्या आठव्या फेरीत आपण इराणला 3.5-0.5 असं लोळवलं. मघसूदलू होता, तबातबाई होता, दानेश्वर होता, म्हणजे हांगझोऊचे सुवर्णवालेच. हे शेजाऱ्यांना जरूर सांगा, पण डबा संपल्यावर. ठसका लागेल.

प्याद्याचा_बाबा:
काका, ढालीचा किस्सा बायकोला वाचून दाखवला. पण वैयक्तिकचं काय? तिथे तर प्रत्येक जण आपापलं खेळतो. विदित आणि अर्जुन दोघंही उतरले होते, एकालाही पदक नाही.

निवृत्त_पंच_मिरज:
तिथे पदकं कुणी नेली ते बघा. पुरुषांत सुवर्ण वेई यीला, आणि उरलेली दोन उझबेकिस्तानच्या अब्दुसत्तोरोव्ह आणि सिंदारोव्हला. हे दोघं 2022 च्या चेन्नई ऑलिंपियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या संघातले. आणि 2025 च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या गोव्यात विश्वचषक झाला, त्याचा अंतिम सामना कुणाकुणात? सिंदारोव्ह आणि वेई यी. सिंदारोव्ह जिंकला. हांगझोऊच्या त्या ओट्यावर उभ्या असलेल्या तिघांपैकी दोघं दोन वर्षांनी विश्वचषकाच्या अंतिम फेरीत समोरासमोर बसले! अशांच्या मागे राहिल्याला ढेपाळणं म्हणत नाहीत हो.

आमच्या तरुणपणी बुद्धिबळ म्हणजे सोव्हिएत संघ, आणि उरलंसुरलं युरोप. "आशियाई" म्हटलं की लोकांना अजून दुय्यम वाटतं ते त्या सवयीमुळे. आता ते उलटलंय.

आणि जलद प्रकाराचा एक स्वभाव असतो. तीन-चार दिवसांत सगळं उरकतं, नऊ डाव. पहिल्या दिवशी एक डाव हातचा गेला की स्विस पद्धतीत (दर फेरीला सारख्या गुणांचे खेळाडू समोरासमोर) तुम्ही खालच्या टेबलांवर जाता. तिथे समोर असतो पंधरा-सोळा वर्षांचा कझाक नाहीतर व्हिएतनामी पोरगा. त्याचं रेटिंग कमी असतं, कारण त्याला बाहेर खेळायला फारसं मिळालेलं नसतं. खेळ काही कमी नसतो. काझिबेक नोगेर्बेक हे नाव घ्या. कझाकस्तानचा हा पोरगा 2024 मध्ये गांधीनगरला वीस वर्षांखालचा जगज्जेता झाला. त्याआधी आपल्यापैकी किती जणांनी ते ऐकलं होतं? मी तरी नव्हतं.

आता विदितचं ऐका. हांगझोऊची सांघिक स्पर्धा 7 ऑक्टोबरला संपली. त्याच महिन्याच्या शेवटी आइल ऑफ मॅनला ग्रँड स्विस ही जगातल्या बड्या खेळाडूंची स्पर्धा सुरू झाली. आपला नाशिकचा विदित ती 11 पैकी 8.5 गुणांनी जिंकला, आणि महिलांची वैशालीनं जिंकली. वैशालीही हांगझोऊच्याच संघातली. तीन-चार आठवड्यांत दोन माणसं "ढेपाळलेली" असायची थांबली म्हणायचं का?

वजीर_ताई (नागपूर):
पंचकाका, सगळं बरोबर, पण महिलांचं एका वाक्यात उरकलंत. मी मुलींना शिकवते, त्यामुळे मला बोलणं भाग आहे.

बाबा, तुमच्या त्या शेजाऱ्यांना विचारा, 2006 च्या दोहा आशियाई क्रीडा स्पर्धेत बुद्धिबळ पहिल्यांदा आलं तेव्हा महिलांचं वैयक्तिक सुवर्ण कुणाचं होतं? कोनेरू हंपीचं. वय एकोणीस. शिवाय मिश्र सांघिक सुवर्ण, त्यात हंपीबरोबर शशिकिरण आणि हरिकृष्ण. 2010 ला ग्वांगझूला हरिकानं वैयक्तिक कांस्य आणलं. त्यानंतर 2014 आणि 2018 ला बुद्धिबळ स्पर्धेतच नव्हतं. तेरा वर्षांचा खंड! एखाद्या खेळाडूची ऐन उमेद त्यात सरते. हरिकृष्णकडे आता दोहाचं सुवर्ण, ग्वांगझूचं कांस्य आणि हांगझोऊचं रौप्य असे तिन्ही रंग आहेत, पण पहिल्या आणि शेवटच्या पदकात सतरा वर्षं गेली.

हंपीला हांगझोऊला जलदमध्ये पदक नाही मिळालं. बरं. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 2024 ला न्यूयॉर्कमध्ये ती जलदचीच जगज्जेती झाली, तेही दुसऱ्यांदा.

आणि आशियाई क्रीडा स्पर्धा म्हणजे आख्खं आशियाई बुद्धिबळ नव्हे, हे आधी सांगा. आशियाई अजिंक्यपद स्पर्धा वेगळी असते, आणि तिच्यातून विश्वचषकाची जागा मिळते. 2022 ला दिल्लीत ती 9 पैकी 7 गुणांनी प्रज्ञानंदनं जिंकली आणि 2023 ला बाकूच्या विश्वचषकात थेट अंतिम फेरीत कार्लसनसमोर जाऊन बसला. महिलांची 2022 ला नंदिधानं जिंकली. 2023 ला अल्माटीत आमच्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. बातमी आतल्या पानावर, चार ओळी. 2025 ला बटूमीला ती विश्वचषक जिंकली तेव्हा तेच पेपर घरी येऊन तिच्या आईला विचारत होते, "कधीपासून खेळते?"

आशियाई विजेतेपद महाराष्ट्राच्या मुलींना नवीन नाहीच. रोहिणी खाडिलकर, 1981, हैदराबाद. अनुपमा अभ्यंकर, म्हणजे नंतरच्या गोखले, 1985 आणि 1987. भाग्यश्री ठिपसे, 1991. माझ्या क्लासच्या भिंतीवर ही नावं मी खडूनं लिहून ठेवली आहेत. दर दिवाळीला रंग काढला की पुसली जातात, मी पुन्हा लिहिते.

निवृत्त_पंच_मिरज:
ताई, कान पकडतो. अनुपमाबाईंच्या वेळी आम्हाला स्पर्धेचा निकाल दोन दिवसांनी पेपरात कळायचा आणि डाव तर महिनाभरानंही मिळत नसे. एकदा एका मित्रानं पोस्टकार्डावर पूर्ण डाव लिहून पाठवला होता, जागा संपली म्हणून शेवटच्या सहा खेळ्या पत्त्याच्या बाजूला. पोस्टमननं त्यावरच शिक्का मारला. सत्ताविसावी खेळी काय होती ते मला अजून माहीत नाही.

उंटावरचा_शहाणा:
मी शब्द मागे घेतो. क्रिकेटचा एक तरी.

प्याद्याचा_बाबा:
सोमवारचा वृत्तान्त. शेजाऱ्यांना आधी बुडापेस्टचं 3.5-0.5 सांगितलं. म्हणाले, "ते ऑलिंपियाड झालं, मी आशियाचं बोलतोय." मग सिंदारोव्ह आणि वेई यी सांगितलं. थोडा वेळ भेंडी चावत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे आशियात जिंकणं जगात जिंकण्याइतकंच अवघड झालंय म्हण की." मी म्हटलं, मी कुठे काय म्हणतोय.

ताई, तुमचा मजकूर मुलीला वाचायला दिला. तिनं बाकी सगळं सोडून एकच विचारलं, दिव्याचे अल्माटीचे डाव कुठे मिळतील?

वजीर_ताई (नागपूर):
ऑनलाइन डेटाबेसवर खेळाडूचं नाव आणि वर्ष टाका, निघतील. फक्त फोनवर बोटानं सरकवत बघू देऊ नका. लाकडी पट मांडा, इंजिन (खेळी सुचवणारा संगणक) बंद ठेवा, आणि प्रत्येक खेळीआधी तिला स्वतःची खेळी वहीत लिहायला लावा. एक डाव दोन संध्याकाळी चालला तरी चालेल. आधी हरलेला किंवा बरोबरीतला एखादा घ्या, जिंकलेले नंतर. वही भरली की इथे टाका, मी बघते.

निवृत्त_पंच_मिरज:
पोस्टकार्डावर टाकू नका म्हणजे झालं.