खोली तापली की बासरी चढते, तंबोरा उतरतो. असं का?

दोन्ही नीट मिळवले तरी अर्ध्या तासात फरक पडतो. उपाय काय?

उत्तर १: बासरीत कंप पावते ती आतली हवा. तापमान एका अंशाने वाढलं की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. १० अंशांनी स्वर जवळपास ३० सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा. बांबूचं प्रसरण नगण्य. आधी बासरी फुंकून गरम करा, मगच तंबोरा मिळवा. उलट्या क्रमाने केलंत तर सगळी मेहनत वाया.

उत्तर २: तार मात्र तापून सैलावते. ताण २ टक्के घटला की स्वर १ टक्का, म्हणजे सुमारे १७ सेंट उतरतो. एवढ्यासाठी खुंटी पिळू नका, तारेत ओवलेला, बारीक जुळणीचा मणी सरकवा.

उत्तर ३: एकच तार उतरत असेल तर दोष उन्हाचा नाही, खुंटी घसरतेय. खडू लावा.