ओलांडलेली मर्यादा परत आखता येते का? चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीचा हिशेब

चर्चाप्रस्ताव : सातारकर

आणीबाणीचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे येरवडा आणि नाशिकच्या तुरुंगांतील दिवसांवर, कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी जयप्रकाशांसाठी केलेल्या प्रार्थनेच्या आवाहनावर आणि मार्च १९७७ च्या निकालावर येऊन थांबते. त्यानंतरच्या दोन वर्षांत संसदेत जे रूक्ष, कलमाकलमाचे काम झाले, त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. मला मात्र खरा प्रश्न तिथेच दिसतो. राज्यसंस्थेने घटनेने घालून दिलेली वेस एकदा ओलांडली, तर तिला पुन्हा वेशीच्या आत आणता येते का?

किती ओलांडली होती, हे आधी पाहू. २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपतींची सही झाली आणि मंत्रिमंडळाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने सांगितले की, आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला बंदी प्रत्यक्षीकरणासाठी, म्हणजे आपली अटक कायदेशीर आहे का हे तपासून घेण्यासाठी, न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. विरोधी मत देणारे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांना डावलून पुढे मिर्झा हमीदुल्ला बेग सरन्यायाधीश झाले. त्याच वर्षीच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षे केली आणि घटनादुरुस्तीला कोणत्याही न्यायालयात कोणत्याही कारणास्तव आव्हान देता येणार नाही, असे घटनेतच लिहून ठेवले.

यातले बरेच परत घेतले गेले. त्रेचाळिसाव्या दुरुस्तीने न्यायालयांचे काढून घेतलेले अधिकार परत दिले. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने आणीबाणीच्या कारणांतील 'अंतर्गत अशांतता' हे सैल शब्द काढून 'सशस्त्र उठाव' हे शब्द घातले. मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवणे सक्तीचे केले. महिन्याभरात दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने मान्यता घेण्याची अट घातली. आणि अनुच्छेद २० (अपराधाच्या शिक्षेबाबतचे संरक्षण) व २१ (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) आणीबाणीतही निलंबित होणार नाहीत, हे स्पष्ट केले. राज्यसभेत जनता पक्षाचे बहुमत नव्हते, त्यामुळे काँग्रेसच्या मतांशिवाय यातले काहीही होऊ शकत नव्हते. ज्या पक्षाने मर्यादा मोडली, त्याच पक्षाच्या सदस्यांनी ती पुन्हा बांधायला हात लावला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९८० मध्ये इंदिरा गांधी ३५३ जागा घेऊन परतल्या, तरी ती दुरुस्ती उलटवली गेली नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, परत येता येते. पण ते एका झेपेत होत नाही. एकेक कलम मागे घेत यावे लागते, आणि जे अधिकार सत्तेवरच्या प्रत्येक पक्षाला सोयीचे असतात, ते वाटेतच राहून जातात. शिक्षण आणि वने हे विषय बेचाळिसाव्या दुरुस्तीने राज्यसूचीतून समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्रालाही कायदा करता येईल अशा यादीत, गेले, ते आजही तिथेच आहेत.

प्रतिसाद १ : घटनावाचक

प्रस्ताव अभ्यासपूर्वक लिहिला आहे, परंतु त्यातील 'परत' या शब्दाला माझा आक्षेप आहे. परत जायला आधी घर असावे लागते. आपली घटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली आणि पुरता महिनाही झाला नाही, तोच प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा संमत झाला. अपराध न करता, केवळ पुढे कराल या संशयावरून माणसाला डांबण्याची तरतूद आपल्या मूलभूत हक्कांच्या प्रकरणातच, अनुच्छेद २२ मध्ये आहे. ज्या देशाने ही तरतूद शांततेच्या काळासाठी, आणि तीही हक्कांच्या यादीत लिहून ठेवली, तो 'मर्यादित राज्यसंस्था' या कल्पनेत कधी राहायला गेला होता, हे मला कळलेले नाही. पुढच्याच वर्षी, जून १९५१ मध्ये, प्रौढ मतदानाने निवडलेली पहिली लोकसभा अस्तित्वात येण्यापूर्वी, हंगामी संसदेने पहिली घटनादुरुस्ती करून भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंध वाढवले. त्याचे एक निमित्त मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉसरोड्स' या साप्ताहिकाचा खटला होते, हे मराठी वाचकांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

१९७५ साली झाले ते घर सोडणे नव्हते. घरात आधीपासून असलेली खोली उघडली गेली, एवढेच.

प्रतिसाद २ : कुळाचा नातू

वरील दोन्ही लेखकांनी राज्यसंस्थेच्या मर्यादेचा विचार तुरुंगाच्या दारातून केला आहे. मी तो बांधावरून करतो.

माझे आजोबा कोकणात खोताचे कूळ होते. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा १९४८ चा. आणि १ एप्रिल १९५७ च्या 'कृषक दिना'ला कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले. आमच्या सातबाऱ्यावर आजोबांचे नाव लागले, ते त्यामुळे. आता पहिल्या घटनादुरुस्तीने नववे परिशिष्ट, म्हणजे मूलभूत हक्कांच्या आधारे न्यायालयात आव्हान देता येऊ नये अशा कायद्यांची यादी, निर्माण केले, तेव्हा त्यात तेरा कायदे होते, आणि त्यातला दुसऱ्या क्रमांकाचा हाच कुळकायदा आहे. घटनावाचक ज्या दुरुस्तीकडे मर्यादाभंग म्हणून बोट दाखवतात, तिच्याशिवाय बिहारमध्ये जमीनदारांनी जे उच्च न्यायालयात करून दाखवले, म्हणजे जमीन-सुधारणेचा कायदाच रद्द करून घेतला, ते इथल्या खोत-इनामदारांनीही करून पाहिले असते. सरकारचे हात बांधा, असे म्हणणाऱ्याने ते हात त्या वेळी कोणाच्या मानगुटीवर होते, हेही सांगावे. मालमत्तेचा मूलभूत हक्क चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनेच काढून टाकला, म्हणजे सातारकरांच्या 'परतीच्या' दुरुस्तीनेही ही वाट सोडलेली नाही.

प्रतिसाद ३ : सीमित

कुळाच्या नातवाशी वाद घालणे अवघड आहे, कारण त्यांच्या बाजूला न्याय आहे. तरीही तपशिलाची एक दुरुस्ती करतो. कृषक दिन ज्या १९५६ च्या दुरुस्ती-कायद्यामुळे आला, त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि १९५८ साली न्यायालयाने तो वैध ठरवला. आधार नवव्या परिशिष्टाचा नव्हता. शेतजमीन-सुधारणेपुरते संरक्षण देणाऱ्या अनुच्छेद ३१-अ चा होता. म्हणजे विषय सांगून, हद्द आखून दिलेला अपवाद कुळाला पुरेसा होता. ज्याच्यात वाटेल तो कायदा टाकता येईल, अशा पेटाऱ्याची त्यासाठी गरज नव्हती.

आणि पेटाऱ्याचे पुढे काय झाले, ते पाहावे. तेराचे दोनशे चौऱ्याऐंशी कायदे झाले. १९७५ च्या एकोणचाळिसाव्या दुरुस्तीने त्यात विनाचौकशी स्थानबद्धतेचा 'मिसा' कायदा घातला, आणि १९७६ साली आक्षेपार्ह मजकुराच्या प्रसिद्धीला बंदी करणारा कायदाही त्यातच गेला. कुळाला जमीन देणारा कायदा आणि संपादकाचे तोंड बंद करणारा कायदा एकाच छपराखाली बसले. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने हे दोन कायदे परिशिष्टातून काढले, हे खरे. परंतु तस्करीच्या नावाने स्थानबद्ध करणारा 'कॉफेपोसा' तिथेच ठेवला. शरद जोशी नवव्या परिशिष्टावर आयुष्यभर टीका करत राहिले, ती जमीनदाराच्या बाजूने नव्हे. ज्या कुळाला १९५७ साली जमीन मिळाली, त्याच्या नातवाला ती विकण्याच्या, भाड्याने देण्याच्या, धारण करण्याच्या प्रत्येक वळणावर सरकारची परवानगी लागते, आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची वाटही अरुंद केलेली आहे, अशी ती तक्रार होती.

प्रतिसाद ४ : कुळाचा नातू

३१-अ चा मुद्दा मान्य. पण तोही पहिल्या दुरुस्तीतूनच आला आणि १९५५ मध्ये चौथ्या दुरुस्तीने अधिक रुंद झाला, हे सांगायचे राहिले. 'मिसा' परिशिष्टात असणे समर्थनीय आहे, असे मी म्हटलेले नाही. जमीन विकताना परवानगीसाठी तहसील कार्यालयात मीही चपला झिजवल्या आहेत, तेव्हा शेवटच्या वाक्याशी भांडण नाही. मात्र ज्या हाताने परवानगी अडवली, त्याच हाताने आधी सातबारा दिला, हे विसरायची माझी तयारी नाही.

प्रतिसाद ५ : विदर्भवासी

कलमे कोणी बदलली यावर इतकी शाई खर्च झाली, पण ती बदलणारे लोक सभागृहात पाठवले कोणी? १८ जानेवारी १९७७ रोजी निवडणुका जाहीर झाल्या, मार्चमध्ये मतदान झाले आणि जनता पक्षाला २९५ जागा मिळाल्या. आणीबाणी उठली ती २१ मार्चला, निकाल स्पष्ट झाल्यावर. न्यायालयाने ती उठवली नाही. माझ्या मते परत आणणारा एकच, तो म्हणजे मतदार.

आणि कागदावरच्या कुंपणाबद्दल म्हणाल, तर १९८८ ची एकोणसाठावी दुरुस्ती कोणाच्याच लक्षात दिसत नाही. दहा वर्षेही झाली नाहीत, तोच संसदेने पंजाबपुरते 'अंतर्गत अशांतता' हे कारण परत आणले आणि तेवढ्यापुरता अनुच्छेद २१ सुद्धा निलंबनाच्या कक्षेत घेतला. सातारकर ज्या दोन विटांचे कौतुक करतात, नेमक्या त्याच दोन विटा काढल्या गेल्या.

प्रतिसाद ६ : सातारकर

सर्वांचे आभार. एकोणसाठाव्या दुरुस्तीचा उल्लेख मी करायला हवा होता, ती चूक मान्य करतो. तथापि तिची पुढची हकीकतही सांगायला हवी. विश्वनाथ प्रताप सिंग यांचे सरकार आल्यावर त्रेसष्टाव्या दुरुस्तीने ती रद्द झाली. मला वाटते, यातून विदर्भवासींच्या मताला नव्हे, तर माझ्या मताला पुष्टी मिळते. १९८८ साली सरकारला पंजाबात काही करायचे होते, तर त्याला आधी घटनादुरुस्ती करावी लागली, उघडपणे, दोन्ही सभागृहांत, नावानिशी. १९७५ साली एक रात्र आणि एक सही पुरली होती.

मतदाराबद्दल थोडे सबुरीने बोलावे लागेल. १९७७ मध्ये आंध्र प्रदेशातील ४२ पैकी ४१ जागा काँग्रेसने जिंकल्या. तिथल्या मतदाराला स्वातंत्र्याची चाड नव्हती, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण उत्तरेत सक्तीच्या नसबंदीची जी झळ लागली, ती दक्षिणेत त्या प्रमाणात लागली नव्हती, आणि लोकांनी झळीवर मत दिले, कलमांवर नव्हे. तीन वर्षांत त्याच मतदाराने त्याच नेत्याला परत बसवले, आणि तोही त्याचा हक्कच होता. राजकारणातील व्यक्तिभक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता, तो मतदारालाच उद्देशून होता. मतदार दार उघडतो. आत कोणत्या भिंती बांधायच्या, हे काम त्याच्यावर सोडता येत नाही.

घटनावाचकांचा आक्षेप मात्र मला रात्रभर पुरला. घर मुळातच अपुरे होते, हे खरे. तरी आंबेडकरांनी अनुच्छेद २२ आणला, तो 'उचित कायदेशीर प्रक्रिया' ही शब्दयोजना घटनेतून गळाल्याची काही अंशी भरपाई म्हणून, म्हणजे स्थानबद्धतेला निदान काही अटी असाव्यात म्हणून. अपुऱ्या घरातही परतता येते, आणि कधी कधी परतणारा सोडले त्यापेक्षा चांगले घर बांधतो. १९५० सालच्या अनुच्छेद २१ पेक्षा आजचा अनुच्छेद २१ बळकट आहे. १९७६ च्या त्या निकालात बहुमताच्या बाजूने उभे राहिलेले यशवंतराव चंद्रचूड मूळचे आपल्या पुण्याचे. तो निकाल चुकीचा होता, असे २०१७ साली खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात लिहिणारे धनंजय चंद्रचूड हे त्यांचे पुत्र. आणि यशवंतराव चंद्रचूडांच्याच अध्यक्षतेखालील खंडपीठाने १९८० मध्ये, नानी पालखीवालांच्या युक्तिवादानंतर, घटनादुरुस्तीला न्यायालयबंदी करणारी बेचाळिसाव्या दुरुस्तीची कलमे रद्द केली. माणसेही परत येतात, असे मी म्हणेन.

प्रतिसाद ७ : घटनावाचक

माणसांचे सोडा, कलमाचे सांगतो, कारण सातारकरांनी चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगितलीच नाही. तिच्या तिसऱ्या कलमाने अनुच्छेद २२ बदलायचा होता. स्थानबद्धतेची कारणे तपासणाऱ्या सल्लागार मंडळाच्या मताशिवाय स्थानबद्ध ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिने व्हायची होती, आणि त्या मंडळाचा अध्यक्ष उच्च न्यायालयाचा पदावर असलेला न्यायाधीश असायचा होता. संसदेने हे संमत केले, राष्ट्रपतींनी एप्रिल १९७९ मध्ये मान्यता दिली, आणि ते केव्हा अमलात आणायचे, हे केंद्र सरकारच्या अधिसूचनेवर ठेवले. ती अधिसूचना आजतागायत निघालेली नाही. १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला. आपल्या राज्यात त्यापाठोपाठ १९८१ चा स्थानबद्धता कायदा, ज्याला पोलीस ठाण्यापासून वर्तमानपत्रापर्यंत सगळे 'एमपीडीए' म्हणतात, तो आला. १९८१ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न गेला, तेव्हा न्यायालयाने नाराजी दाखवली, पण सरकारला अधिसूचना काढण्याचा आदेश देण्यास नकार दिला.

त्यानंतर दिल्लीत जनता दल आले, संयुक्त आघाडी आली, भाजप आला, काँग्रेस पुन्हा आली, भाजप पुन्हा आला. आणीबाणीत स्वतः तुरुंगात राहिलेले लोक पंतप्रधान आणि गृहमंत्री झाले. या कलमासाठी दोन-तृतीयांश बहुमत लागत नाही, राज्यसभा लागत नाही, राज्यांची संमती लागत नाही.

प्रतिसाद ८ : सातारकर

हे मी प्रस्तावात 'वाटेतच राहून जातात' या तीन शब्दांत उरकले होते. इतके सोपे काम इतकी वर्षे राहिले आहे, हे लिहून ठेवायला हवे होते. प्रस्तावात भर घालतो.